करंगळी पाणी आणायची

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. पाटीसुद्धा नव्हती. होता तो मायचा गळा आणि माझी पाच बोटं.

खुरपणीहून आली, चूल पेटली, की माय माझा हात धरायची आणि एकेक बोट दुमडत गाणं म्हणायची. करंगळीला पाण्याला धाडायची, दुसऱ्या बोटाला सरपणाला, तिसऱ्याला दळायला, चौथ्याला भाकरी थापायला. अंगठा मात्र बसून खायचा. त्या अंगठ्याला माय शिव्या घालायची आणि मी खदाखदा हसायचो. पाचापर्यंत मोजणं मी तिथं शिकलो. कोण राबतं आणि कोण बसून खातं, हेही तिथंच.

मग शाळा आली. गुरुजी म्हणाले, गाणं म्हण. मी हेच म्हटलं. गाण्यात ‘पानी’ आलं आणि वर्ग खिदळला. गुरुजी म्हणाले, “पानी नाही रे, पाणी. आणि असली गाणी इथं नाही म्हणायची. बस खाली.”

खाली बसलो तो दोन वर्षं तोंड उघडलं नाही. पुस्तकातल्या गाण्यातलं घर, अंगण, फराळ आमचं नव्हतंच. पण जे आमचं होतं तेही शाळेनं चुकीचं ठरवलं.

मित्रांनो, इथवरचा दोष शाळेचा. पुढचा माझा आहे.

शिकलो. नोकरी लागली. चळवळीत भाषणं ठोकली. मुलगी झाली. माय तिला मांडीवर घेऊन तशीच बोटं दुमडत गाऊ लागली. मी म्हणालो, “माय, तिला असलं शिकवू नको. शाळेत हसतील.”

माय गप झाली. मग हळूच म्हणाली, “मंग काय शिकवू बाबा? मला त येवढंच येतं.”

पुन्हा तिनं गाणं म्हटलं नाही. गुरुजींनी मला खाली बसवलं होतं. मी मायला बसवलं.

आपण काय बंद पाडलं, हे फार उशिरा कळलं. लहान लेकरू बोलणं सलग ऐकतं. शब्दात किती आवाज आहेत, हे त्याला सुटं कळत नाही. गाण्याची चाल ते सुटं करून देते. यमक आलं की दोन शब्दांचे शेवट सारखे आहेत, हे कान पकडतो. टाळ्या वाजवत ‘भा-क-री’ म्हणून बघा. तीन टाळ्या, तीन अक्षरं. आपली लिपी अशीच अक्षराअक्षरानं चालते. फळ्यावर यायच्या आधी अक्षर तळहातावर आलेलं असतं.

१९८९ साली इंग्लंडमध्ये ब्रायंट, ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा अभ्यास छापला. वयाच्या ३ वर्षं ४ महिन्यांपासून त्यांनी ही मुलं सहा वर्षांपुढं पोचेस्तोवर तपासली. ज्यांना लहानपणी बालगीतं जास्त येत होती, ती पुढं वाचनात आणि शब्द लिहिण्यात सरस दिसली. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक यांचा हिशेब वेगळा काढूनही हे नातं उरलं. गाण्यानं उपाशी पोट भरत नाही, हे खरं. पण ‘वस्तीतली पोरं मुळातच मठ्ठ’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आपणही वाचावं. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गाण्यातून बाबासाहेब खेड्यापाड्यात पोचवले, हे आपण छाती फुगवून सांगतो. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना गाण्यानं शहाणं केलं, हे आपल्याला मान्य आहे. मग तीन वर्षांच्या लेकराला काय येतं वाचता? विहारात ते मागं रांगत असतं, आणि आपण भाषण थांबवून त्याला ‘गप बस’ म्हणतो.

माय गेली. आता माझ्या मुलीला लेकरू झालंय. परवा ती म्हणाली, “बाबा, आजीचं ते बोटांचं गाणं सांगा ना.” बोटांची कामं आठवली. शब्द आठवले नाहीत. चाल तर अजिबात नाही. कुठं लिहिलेलंच नव्हतं.

तुमच्या वस्तीत अजून म्हाताऱ्या आहेत. वही घेऊन आजच जा. त्या ‘पानी’ म्हणाल्या तर ‘पानी’च लिहा. आठवड्यातून एक तास विहारात भाषण बंद ठेवा. म्हातारीला पुढं बसवा, लेकरांना तिच्याभोवती.

‘पाणी’ म्हणायला ती शाळेत शिकतील. आधी त्यांना तोंड तर उघडू द्या.