लांबची गोळी

आंतरजालावर शेकडो माणसे एकाच वेळी खेळतात अशा युद्धखेळात खेळाडू कशामुळे गुंगून जातो, याचे उत्तर बहुतेक जण चित्रांच्या सफाईत किंवा खेळाडूंच्या संख्येत शोधतात. ध्वनिरचनाकाराला, म्हणजे खेळातील प्रत्येक आवाज घडवून तो कोणाला, केव्हा आणि किती ऐकू यावा हे ठरवणाऱ्या कारागिराला, ते उत्तर एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत सापडते, आणि ती गोष्ट म्हणजे आपल्यावर न झाडलेल्या गोळीचा आवाज. शेजारी फुटलेला बॉम्ब खेळाडूला दचकवतो, पण तो त्याच्यासाठीच फोडलेला असतो. टेकडीपलीकडे कोणी दोघे एकमेकांशी झुंजत आहेत, ते आपल्याला ओळखत नाहीत आणि आपण मेलो तरी त्यांची चकमक थांबणार नाही, एवढे कानाला कळले की मोबाइलच्या काचेमागे खरोखर मुलूख पसरला आहे यावर मन विश्वास ठेवू लागते.

संख्येने हे साधत नाही. ‘प्लॅनेटसाइड २’ या खेळात २०१५ साली एकाच लढाईत १,१५८ खेळाडू उतरले आणि तो विक्रम ठरला. ‘ईव्ह ऑनलाइन’मधील जानेवारी २०१४ च्या प्रचंड अवकाशयुद्धात तर संगणकांवर इतका ताण आला की खेळातला काळच मूळ वेगाच्या एक दशांशावर आणावा लागला. ही युद्धे भव्य होती यात शंका नाही, परंतु भव्यता आणि भास एक नव्हेत. याउलट ‘पबजी’च्या एरंगेल या नकाशात ६४ चौरस किलोमीटरांत अवघे शंभर खेळाडू असतात आणि बराचसा वेळ काहीच घडत नाही, तरीही नागपुरातल्या वसतिगृहांच्या गच्च्यांवर एकच इअरफोन दोघांत वाटून घेणाऱ्या मुलांना लांबून आलेल्या फैरीवरून नकाशातल्या पोचिंकी गावात कोणीतरी उतरले आहे हे न बघता कळत असे, आणि ते कळणे हाच त्या खेळाचा खरा थरार होता.

मात्र लांबची गोळी लांबची वाटावी कशी, या एका प्रश्नाने प्रस्तुत लेखकाची अठरा वर्षे खाल्ली आहेत. नुसता आवाज बारीक केला की गोळी लांब जात नाही, ती उशीखाली दाबल्यासारखी होते. हवा तीक्ष्ण, उंच पट्टीचे ध्वनी आधी गिळते आणि जाड, खर्जातले ध्वनी पुढे जाऊ देते, त्यामुळे अंतराबरोबर आवाजाचा पोत बदलावा लागतो. शिवाय रायफलीची गोळी स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान असते. एकेएम रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने सुटते आणि आवाज ३४५ च्या आसपास रेंगाळतो, म्हणून चारशे मीटरवरच्या ज्या माणसाजवळून ती जाते त्याला आधी हवा फाटल्याचा चाबकासारखा ‘फट्’ ऐकू येतो आणि साधारण अर्ध्या सेकंदाने नळीचा जाड ‘धप्’. गोळी उलट दिशेने गेली असेल तर ‘फट्’ नसतोच. उरतो तो एकटा ‘धप्’, आणि तोच हवा असतो.

त्यातही नागपूरची हवा स्वतःचे म्हणणे मांडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना आवाज सेकंदाला ३५८ मीटरांच्या वेगाने धावतो, पण तापलेल्या जमिनीमुळे तो वर वळतो आणि विरतो; थंडीच्या रात्री जमिनीलगत गारवा आणि वर ऊब अशी उलटी उतरंड झाली की तोच आवाज खाली वाकतो, आणि अजनी स्थानकातल्या गाडीची शिटी प्रतापनगरात अंगणात वाजल्यासारखी येते. खेळ तयार करणारे हवामान म्हणून पाऊस आणि धुके दाखवतात. कानाचे हवामान मात्र बाराही महिने एकच ठेवतात.

सामान्य माणसाला बंदुका ध्वनिमुद्रणासाठी मिळत नाहीत, म्हणून काटोल रस्त्याच्या एका वावरात, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत, सुतळी बॉम्ब फोडून ते शंभर, चारशे आणि नऊशे मीटरवरच्या धुऱ्यांवर मांडलेल्या मायक्रोफोनांनी टिपण्याचा उद्योग कित्येक हिवाळे झाला. नऊशे मीटरवर स्फोट ऐकू येत नाही, छातीला हलका धक्का लागल्यासारखे होते, आणि मग नाल्याकाठची झाडी तो धक्का सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी परत करते. एका मुद्रणात मायक्रोफोनपासून चार पावलांवर जागल्याचे कुत्रे कान फडफडवून गुरगुरले होते. ते निगुतीने कापून टाकल्यावर स्फोट चमत्कारिकपणे जवळ सरकला, आणि कुत्रे परत जोडले तेव्हा पुन्हा पूर्वीच्या जागी गेला. लांबी मोजायला कानाला हाताशी काहीतरी बारीक लागते, हा त्या कुत्र्याने शिकवलेला धडा पुढे कसा विसरला गेला, ते यथावकाश येईलच.

यंत्राची अडचण निराळी. खेळ बनवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘युनिटी’ मुळात एका वेळी ३२ आवाज वाजवते. त्याहून जास्त झाले की जे क्षीण असतील ते गाळले जातात, म्हणजे पावले, काडतुसे आणि जवळच्या फैरी यांच्या रेटारेटीत पहिला बळी जातो तो लांबच्या गोळीचा, ज्या आवाजावर सारे जग उभे असते त्याचाच. तिकडे सर्व्हर, म्हणजे सर्व खेळाडूंना जोडणारा मध्यवर्ती संगणक, वाहतूक वाचवण्यासाठी दूरच्या खेळाडूंची खबर देतच नाही. उपाय आहे: लांबच्या प्रत्येक गोळीबद्दल फक्त हत्याराची जात, ढोबळ दिशा आणि क्षण एवढेच पाठवावे, आणि एकेका दिशेच्या गोळ्या एकाच आवाजात गुंफाव्यात. गंमत अशी की जाळ्यातला विलंब, ज्याला खेळाडू लॅग म्हणून शिव्या घालतात, तो येथे मुळीच आड येत नाही, कारण किलोमीटरभरावरचा आवाज तसाही तीन सेकंदांनीच पोहोचायचा असतो.

एवढी खटपट न करता चाळीस सेकंदांची तयार रणधुमाळी पार्श्वभूमीला फिरत ठेवण्याची पळवाट सर्वांनाच ठाऊक आहे, आणि प्रस्तुत लेखकानेही ती एकदा पत्करली होती. चाचणीच्या वेळी एक मुलगा त्या आवाजाच्या रोखाने सहा मिनिटे धावला, नकाशाच्या कडेला पोहोचला, तेथे कोणीच नव्हते, आणि त्याने फोन उलटा करून गादीवर ठेवला. त्यानंतर ज्या गोळीमागे खरा खेळाडू नाही ती वाजवायची नाही, असा नेम झाला. या नेमाचा उल्लेख चारचौघांत गरजेपेक्षा अधिक वेळा होतो, हेही मान्य केले पाहिजे.

समव्यवसायींविषयी बोलायचे तर हल्ली बंदुकीचा आवाज विकतच्या संग्रहातून उचलून त्याखाली चित्रपटातला ढोल ठेवला जातो, आणि प्रत्येक पिस्तूल तोफेसारखे गर्जते. स्वीडनच्या ‘डाइस’ने २००८ च्या ‘बॅटलफील्ड: बॅड कंपनी’त मोठा आवाज येताच लहान आवाजांना तेवढ्यापुरते मागे सारणारी पद्धत आणली, तिच्यात विवेक होता, तिची नक्कल करणाऱ्यांनी गर्जना घेतली आणि माघार सोडून दिली. स्पर्धक खेळाडूंनी तर इक्वलायझर लावून पावलांचे आवाज इतके चढवले की गवतातला माणूस फरशीवरून खडावा घालून चालल्यासारखा ऐकू येतो. त्यांना जग नको असते, बातमी हवी असते. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा आपल्या मातीतला युद्धखेळ आणला, तेव्हा नागपूरच्या एका कारागिराला आनंदाआधी मत्सर वाटला. ही जुनीच नागपुरी व्यथा असून तिच्यावर इलाज नाही.

मत्सराला कारणही होते, कारण नागपुरात असा नकाशा जमिनीवरच तयार आहे. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीची फौज झुंजली. सकाळी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली, मोठी तिच्या माऱ्याखाली आली, आणि इंग्रजांनी लहान टेकडी परत घेतल्यावर निकाल फिरला. त्या रात्री मोठ्या टेकडीवरच्या शिपायाला युद्ध दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. शिकाऊ ध्वनिरचनाकारांना प्रस्तुत लेखक सराव म्हणून हीच रात्र देतो.

दोन वर्षांपूर्वी लेखकाच्या कानांची तपासणी झाली. वयानुसार उंच पट्टीचे ध्वनी जातात तसे ते गेले होते, सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरचा आलेख जिन्यासारखा खाली उतरला होता. त्या कागदाकडे पाहताना जी शंका आली ती अद्याप गेलेली नाही: हवा ज्याप्रमाणे तीक्ष्ण ध्वनी गिळते त्याचप्रमाणे म्हातारा कानही गिळतो, अशा कानाला सारे जगच थोडे लांब गेलेले असते, आणि मग लांबच्या गोळीचे हे सारे तत्त्वज्ञान कारागिरीतून आले की बहिरेपणातून, हे ठरवणार कोण?

या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने सीताबर्डीची ती रात्र रचून आणली. लांबच्या बंदुका अचूक होत्या, बार आणि परतावा जेथल्या तेथे होते. तरीही लेखकाने शेरा दिला की रचना रिकामी आहे, जवळचे काहीच नाही, त्यामुळे लांबचे लांब वाटत नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “रातकिडे आहे ना, सर.” तिने वर्णपट, म्हणजे आवाजाचे पट्टीवार चित्र, पडद्यावर उघडले. सहा-सात हजार कंपनांच्या उंचीवर एक उजळ रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि तीन ठिकाणी तुटली होती. गवतातून कोणी सरकत आले की रातकिडे गप्प होतात, आणि लहान टेकडीकडून येणारे अरब खेळाडूला त्या गप्प होण्यातूनच कळावेत, अशी तिची योजना होती. तिने तो भाग तीनदा वाजवला. लेखकाने तिन्ही वेळा ती रेघ तुटताना पाहिली, आणि तिसऱ्या वेळी, ऐकू आल्यासारखी, मान हलवली.