बिननिमित्ताचा घागरा

आम्ही सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं ते याच गावात. त्यातल्या बायकाही पुरुषच झाले होते. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यात. त्यांची ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आजोबांनी पाहिलेली. गंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करायच्या, हे ते कौतुकानं सांगत. अशा घरात वाढलेल्या मला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं मामेबहिणीचा घागरा घालून जिना उतरावा याची लाज वाटावी? वाटली. बरेच दिवस वाटत राहिली.

मी त्याला रागावलो नाही, घागरा काढायलाही लावला नाही. मी फक्त निमित्तं पुरवायचो. खालच्या काकूंना सांगायचं, शाळेत नाच बसवलाय. इस्त्रीवाल्याला सांगायचं, बहिणीची नक्कल करतोय. एकदा असंच नाचाचं सांगून वर आलो, तर चिरंजीव विचारतात, “बाबा, माझा नाच कधी आहे?” थट्टा नव्हती. आपलं नाव खरंच दिलंय असं वाटून स्वारी खूश होती. मला उत्तर सुचेना.

मग मी विचार करायला लागलो तो या निमित्ताचाच. एरवी आपल्याकडे मुलग्याच्या अंगावर परकर-पोलकं चालतं की! जावळ काढण्याआधी वेणी घालून, गजरा माळून फोटो काढतात, माझाही आहे. लुगडं नेसलेला यल्लमाचा जोगता दारात आला तर त्याच्या परडीत आपण पीठ-मीठ घालतो, वर नमस्कारही करतो. कला, देव, हौस, काहीतरी कारण पाहिजे. ‘मला आवडतं’ एवढ्यावर घातलेला घागरा मात्र खुपतो. मुलींचं उलटं. पुतणी शर्ट-पँटमध्ये वावरते, केस बारीक कापते, आणि आई येईल त्याला सांगते, “मुलगाच आहे आमचा!” एखाद्या मुलग्याला तितक्याच अभिमानानं ‘मुलगीच आहे आमची’ म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. तिची बढती झाली, याची पदावनती. बाकी काही नाही.

“पुढं हा कसा निघायचा रे?” असं आईनं एकदा हळूच विचारलं. तोच प्रश्न मलाही पडला होता. घागऱ्यावरून ते कळत नाही, आणि उद्या कळलं तरी आज त्यानं काय घालावं ते त्यावर ठरू नये, असं मला आता वाटतं. एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं पेहरावातून स्वतःला व्यक्त करणंही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरलं. माझा मुलगा तृतीयपंथी आहे असं मी म्हणत नाही. तो घागरा आवडणारा चौथीतला मुलगा आहे. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जी गोष्ट इतकी मोलाची वाटली, ती मी जिन्यात थापा मारून झाकत होतो.

आता काकूंना सांगतो, “त्याला आवडतो.” त्या “बरं” म्हणतात आणि अर्थातच घरी जाऊन बोलतात. वैशाखात घरात लग्न आहे, म्हणून परवा त्याला शिंप्याकडे नेलं. मापं घेताना त्यांनी एवढंच विचारलं, “नाडी का इलॅस्टिक?” “इलॅस्टिक, आणि दोन्हीकडं खिसे,” चिरंजीवांनी परस्पर सांगून टाकलं. लग्नात काकूंना उत्तर द्यायची माझी तयारी झालीय. मामांना द्यायची अजून व्हायचीय.