इंजेक्शननंतरचा अर्धा तास

शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन घेतलं, की मी तुम्हाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवतो. तुम्ही वैतागता, हे मला दिसतं.

पण इम्युनोथेरपीत आम्ही टोचतो काय? ज्याची तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे, तेच! कापसाच्या जुन्या गादीत वाढणाऱ्या माइट किड्यांचा किंवा परागकणांचा अर्क. आधी अगदी सूक्ष्म मात्रा, मग हळूहळू वाढवत नेतो. शरीराला त्याची सवय होते. लंडनमध्ये डॉ. नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा असाच प्रयोग प्रसिद्ध केला. गोळीने शिंका तेवढ्यापुरत्या थांबतात. या उपचाराला ३ ते ५ वर्षं लागतात, पण फायदा पुढेही टिकू शकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला परीक्षेची घाई होती. मी जाऊ दिलं. दहा मिनिटांत तो परत आला. अंगभर गांधी, घसा आवळलेला. लगेच अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, म्हणून वाचला. चूक माझी होती.

तेव्हा बसा. आणि त्या दिवशी दम लागत असेल, तर सुई टोचण्याआधीच सांगा. डोस पुढे ढकलता येतो.