ठसा

वडिलांच्या मागे माझ्याकडे आली ती त्यांची १९९४ सालची बुलेट. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २०२४ साली ती निरीक्षकांपुढे उभी केली आणि नापास झाली. ब्रेक दाबूनही मागचा दिवा पेटेना, डावा इंडिकेटर मुका, साखळी सैल, मागच्या टायरची नक्षी पुसलेली. वार्धक्याची ही नेहमीची दुखणी. त्यांचे वैषम्य वाटले नाही.

मन खचले ते सांगाड्यावरच्या क्रमांकापाशी. कागद धरून शिसपेन्सिल घासली, तर गंजाखालून शेवटचे दोन अंक उमटेनात. “हे जुळले नाहीत, तर गाडी हीच कशावरून?” निरीक्षकांनी सौम्यपणे विचारले. पाठचिकित्सेच्या वर्गात हाच प्रश्न मी किती ऐटीत विचारीत आलो होतो! (संपादित प्रतींवर जगणाऱ्या आम्हां अध्यापकांना मूळ प्रतीला हात लावण्याची सवय कुठली?)

घरी रॉकेलच्या बोळ्याने रात्रभर गंज पुसला. खरवडण्याचे धाडस झाले नाही. अंकच गेला असता, तर वडिलांची गाडी कागदोपत्री कुणाचीच उरली नसती. पुढल्या खेपेस दोन्ही अंक फिकट, पण स्पष्ट उमटले. तो कागद फायलीत गेला. निघताना मी आणखी एक ठसा घेतला, स्वतःसाठी.