गिरणीचा षड्ज

लेख मागताना संपादक म्हणाले, ‘नाचासाठी केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि त्यात संगीतकार आपणहून घालून घेतो ती बंधनं, यावर लिहा. मात्र आमच्या वाचकाला यंत्रांची नावं माहीत नाहीत, हे लक्षात असू द्या.’ लक्षात ठेवलं आहे. पण आमच्या कामातून यंत्र वजा केलं तर सांगण्यासारखं थोडंच उरतं. नाइलाज होईल तिथे मी तपशिलात शिरणार.

त्याआधी एक तक्रार. महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती येतात, आणि मग मिरवणुका, कोर्टाचे आदेश, आजारी माणसांचे हाल यांची चर्चा सुरू होते. ते हाल खरे आहेत. मलाही त्या भिंतींची चीड येते. पण तो प्रश्न आवाजाच्या पातळीचा आहे. त्याच भिंतींवर अभंग लावला तरी खिडक्या थरथरतील. दुसरा समज मला जास्त लागतो: ‘तुमचं काय, बटण दाबलं की संगणकच वाजवतो.’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलं आहे, आयोजकांकडून ऐकलं आहे, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशा शास्त्रीय गवयांकडूनही ऐकलं आहे.

संगणक वाजवतो, पण काय वाजवायचं ते ठरवत नाही, आणि आमचं सगळं दुखणं त्या ठरवण्यात आहे. आज साधा लॅपटॉप शेकडो ट्रॅक एकाच वेळी पेलतो. तयार ‘किक’, म्हणजे दर मात्रेला पडणारा तो खोल ठोका, हजारोंनी मिळतात. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं निवडीतच दमतात. ढीग उपसता उपसता मूळ कल्पना शिळी होते, आणि शेवटी जे हाती येतं ते इतर कुणाच्याही ट्रॅकसारखं ऐकू येतं. यावरचा उपाय म्हणून मी त्यांना अट घालायला सांगते. ती अट त्यांनी स्वतःच ठरवायची असते.

पूर्वी अट घालून घ्यावी लागत नसे, ती यंत्रासोबतच यायची. १९८७ साली आलेल्या ‘एसपी-१२००’ या सॅम्पलरमध्ये सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण मावायचं. सॅम्पलर म्हणजे दुसरीकडून घेतलेला आवाजाचा तुकडा साठवून हवा तेव्हा वाजवणारं यंत्र. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी आणि ‘हाउस’ हे नाचाचं संगीत करणाऱ्यांनी यावर तोड काढली. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर लावायची, तुकडा कमी वेळात भरून घ्यायचा आणि मग यंत्रात तो पुन्हा सावकाश करायचा. असं करताना आवाजाला एक खरखरीत कड येते. त्या काळच्या ठोक्यांचा म्हणून जो बाज आज लोक पैसे मोजून विकत घेतात, त्यातला मोठा भाग जागा वाचवण्याच्या खटपटीतून आला आहे.

गोव्यातही असंच घडलं. किनाऱ्यावरच्या उन्हात आणि दमटपणात रेकॉर्ड टिकत नसत, म्हणून तिथले डीजे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवरून संगीत लावायचे. टेपवर दोन गाण्यांच्या लयी हाताने जुळवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे ठोका नसलेली लांबलचक सुरुवात आणि तसाच शेवट सोयीचा ठरला. गोवा ट्रान्स या तिथे रुजलेल्या नाचसंगीताच्या त्या तरंगत्या सुरुवातींना अनेकांनी अध्यात्म चिकटवलं आहे. मला त्यात टेपचा हात आधी दिसतो.

आता ती सक्ती संपली, म्हणून ती मुद्दाम उभी करावी लागते. गेम बॉय या खेळण्याच्या चार वाहिन्यांवर, म्हणजे दोन चौकोनी तरंग, एक छोटा लहरी-तुकडा आणि एक नुसता खरखराट एवढ्यावर, संपूर्ण नाचाचे ट्रॅक रचणारी माणसं जगभर आहेत. इंग्लंडच्या मॅथ्यू हर्बर्टने तर २००० साली स्वतःसाठी लेखी करारच केला. ड्रम मशीन नाही, सिंथेसायझर नाही, तयार आवाज नाहीत, दुसऱ्याच्या संगीतातला तुकडा घेणं साफ बंद. आणि काम करताना होणाऱ्या अपघातांचं स्वागत. २०११ साली त्याने एका डुकराच्या जन्मापासून ते ताटात येईपर्यंतच्या आवाजांवर अख्खा अल्बम केला. कत्तलीचा क्षण ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, आणि ती रिकामी जागा त्याने तशीच राहू दिली. अमेरिकेतल्या ‘मॅटमॉस’ या जोडीने २०१६ साली एका कपडे धुण्याच्या यंत्राच्या आवाजांतून अल्बम केला.

अशा कामांना लोक ‘चमत्कृती’ म्हणून बाजूला सारतात. काही कामं तशी असतातही. माझी कसोटी साधी आहे: अट माणसाच्या सवयीवर पडली पाहिजे. ज्याला तालाचं अंग नाही त्याने ‘मी ड्रम वापरणार नाही’ म्हटलं तर ती अट नव्हे, ती सोय. ज्याचा हात कीबोर्डवर धावतो त्याने पाचच सुरांवर राहायचं ठरवलं, तर त्याला दर दोन मिनिटांनी अडायला होईल. आणि अडल्यावर जे सुचेल ते त्याचं स्वतःचं असेल.

या कसोटीला पुरेपूर उतरणारं काम मुंबईत झालं आहे, आणि त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्याने मी वैतागते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड निघाली. तीन यंत्रं, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि वरच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८. दहा राग, त्यात भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस. खाली दर मात्रेला ठोका. रेकॉर्ड चालली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली, आणि एकदम बोलबाला सुरू झाला: अ‍ॅसिड हाउस या नाचसंगीताच्या प्रकाराचा जन्म शिकागोत नव्हे, मुंबईत झाला!

कारण असं की अ‍ॅसिड हाउसची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड, शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, १९८७ची. तिच्यातही तेच टीबी-३०३ आहे. पाच वर्षं आधी, तेच यंत्र. मग मुंबई पहिली, असा हिशेब. मला मुंबईचा अभिमान आहे. तरीही हा हिशेब चुकीचा आहे. शिकागोच्या मंडळींनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा पुरावा नाही. एकातून दुसरं निघालेलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडे यंत्राला दिलेलं काम वेगळं आहे. टीबी-३०३ हे एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून केलेलं यंत्र. त्यात सूर एकदा भरायचे, त्यांच्या वेळा पुन्हा वेगळ्या भरायच्या, असा किचकट प्रकार. ते बाजारात पडलं आणि १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. शिकागोच्या मुलांच्या हाती ते जुनं झालेलं, स्वस्तातलं यंत्र आलं. त्यांनी सुरावटीला फारसं महत्त्व दिलं नाही. ती चालू ठेवून फिल्टरच्या, म्हणजे आवाजातले वरचे स्वर गाळणाऱ्या भागाच्या, कळा पिळल्या, आणि त्या पिळण्यातून निघालेली किंकाळी हेच त्यांचं संगीत झालं. सिंगांनी उलट केलं. त्यांनी सूर काळजीपूर्वक भरले, कारण त्यांना रागाबाहेर जायचं नव्हतं.

इथे थोडं तंत्रात शिरते. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. दोन सुरांमधलं अंतर केवढंही असो, घसरायला लागणारा वेळ साधारण तेवढाच. मींड अशी नसते. गवई तिची लांबी दर वेळी ठरवतो. शिवाय यंत्राचे बारा सूर समान अंतरावर ठोकलेले, त्यामुळे तोडीचा गंधार हवा तितका उतरत नाही. म्हणून ‘हे राग नव्हेत’ असं म्हणणारे आहेत, आणि शास्त्रीय मैफिलीच्या मापाने ते बरोबरच आहेत. पण नाचाच्या संगीताच्या मापाने पाहा. भूपाळीच्या पाच पट्ट्या घ्या, षड्ज पांढरी एक. आता एकही पट्टी न बदलता षड्ज पांढरी तीनवर, म्हणजे भूपाळीच्या गंधारावर न्या. त्याच पाच पट्ट्यांचे सूर मालकंसाचे होतात. गाण्यात षड्ज कुठे आहे हे तानपुरा सांगतो. आमच्याकडे ते काम किक आणि बास करतात. म्हणजे नाचणाऱ्याच्या पावलाखाली जो सूर पडतो तो राग ठरवतो. ही रेकॉर्ड ऐकताना मला हे पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्यानंतर मी किकचा सूर न तपासता एकही ट्रॅक पुढे नेलेला नाही.

सिंगांचं खरं धाडस मात्र आणखी वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठ्या वाद्यवृंदाच्या गराड्यात वाजवणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. व्हायोलिनचे ताफे, ढोलक, कोरस, सगळं हाकेच्या अंतरावर. तो माणूस आपल्या नावाच्या रेकॉर्डसाठी ते सगळं सोडून तीन यंत्रांपाशी बसतो. शब्द नाहीत, गायक नाही, मदतीला वादक नाही. त्यांची अट त्यांच्या सवयीवर पडली होती. ‘पहिला कोण’ या भांडणात ही गोष्ट बुडून जाते. उतारवयात त्यांना युरोपात मंचावर बोलावलं गेलं, तरुण पोरं नाचली; २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. आपल्याकडच्या किती संगीतप्रेमींना त्यांचं नाव त्या दिवशी माहीत होतं, हा विचार मला त्रास देतो.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहायला मी तयार झाले, ते सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरची पिठाची गिरणी आहे. त्याने अट घेतली: ट्रॅकमधला प्रत्येक आवाज गिरणीतला. पट्ट्याची फटफट, चाळणीचा खळखळाट, काट्यावर पडणारी वजनं, पोत्यावर मारलेली थाप. चाळणीची हाय-हॅट, म्हणजे ठोक्यांमधली झांजेसारखी चिकचिक, तर इतकी सुरेख झाली की ती मी त्याच्याकडे मागितली, आणि अटीमुळे त्याने ती दिली नाही. बरोबर केलं.

अडलं ते किकपाशी. पोत्याच्या थापेत खोल सूर नाही. ती खाली ओढली तर आघात बोथट होतो. आम्ही दोघांनी मोटरकडे लक्ष दिलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मोटरचा गुंजारव त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर असतो. तो एक सप्तक खाली उतरवला की ५०, म्हणजे मंद्राच्याही खालची पांढरी पाच, अर्धस्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढी. किक म्हणजे वरून झपकन घसरून खोल सुरावर थांबणारा आवाज. गुंजारवातले वरचे स्वर गाळून त्याला अशी घसरण दिली आणि पोत्याची थाप टोकाला जोडली, तेव्हा किक उभी राहिली. मग सगळ्या ट्रॅकचा षड्ज त्याने त्या ५० हर्ट्झला लावला. भारतातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक गिरणीचा, पंपाचा, जुन्या ट्रान्सफॉर्मरचा हाच सूर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हा ट्रॅक दुसऱ्या पट्टीत गेला असता. इतक्या वर्षांत एवढी समाधानाची गोष्ट माझ्या वर्गात घडलेली मला आठवत नाही.

कार्यक्रमाच्या रात्री लोक जोरात नाचले. नंतर त्याने मला सांगितलं की ऐनवेळी धीर सुटला आणि त्याने गिरणीच्या किकखाली एक तयार ८०८ची किक दडवली होती. जागेच्या स्पीकरवर त्याची किक हलकी वाटत होती म्हणे. त्याचा प्रश्न असा: ऐकणाऱ्याला कळलं नाही, नाचणं अडलं नाही, मग काय बिघडलं?

या प्रश्नाने मला बरेच दिवस अस्वस्थ केलं, कारण त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. नाचणाऱ्याचं कराराशी देणंघेणं नसतं, आणि नसावंच. पाय हलले नाहीत तर कितीही प्रामाणिक अट व्यर्थ आहे. पण तो नेमका तिथेच हटला जिथे अट त्याला चावली. चाळणी आणि वजनं त्याला जमतच होती. तिथे अट पाळायला काही लागत नव्हतं. किक हलकी वाटली तेव्हा करण्यासारखं होतं: बास दोन हात मागे घेता आला असता, घसरण किंचित लांबवता आली असती, मधे चार मात्रा किक पूर्ण काढून ती परत आणता आली असती. शांततेनंतर आलेला हलका ठोकाही जड लागतो. यातलं काहीतरी त्याने त्या रात्री शोधलं असतं. ते शोधणं तयार किकने वाचवलं.

मी त्याला सांगितलं ते असं: ट्रॅक चांगला आहे, वाजवत राहा, पण ‘सर्व आवाज गिरणीतले’ ही ओळ नावाखालून काढ. त्याने काढली, नाराजीने. वाचकांपैकी कुणाला हे करून पाहायचं असेल, आणि त्यासाठी आज फोनसुद्धा पुरतो, तर एवढंच करा: पहिला आवाज घेण्याआधी अट कागदावर लिहा, खाली तारीख घाला, आणि किकला सूट देऊ नका.