मत्स्यालय किती उंच असावें?

घरांतील बहुतेक वस्तूंची उंची आपल्या आधींच कोणी तरी ठरवून ठेविलेली असते. ओटा कमरेइतका, खुर्ची गुडघ्याइतकी, देव्हारा बसून पूजा करणाऱ्याच्या छातीसमोर. खुंटी मात्र नेहमीं घरांतील सर्वांत उंच पुरुषाच्या सोयीची, अशी घरोघरच्या स्त्रियांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. भिंतींत कायमच्या बसवावयाच्या मत्स्यालयाला अशी कोणतीच परंपरा नाहीं. सुटी टाकी आज येथें, उद्यां तेथें हलवितां येते. भिंतींतली हलत नाहीं. दिवाणखाना आणि अभ्यासिका यांमधील भिंत दुरुस्तीसाठीं फोडली, तेव्हां तेथें सहा फूट लांबीचें मत्स्यालय करावें असें ठरलें, आणि तें किती उंच असावें याचा आम्ही जितका विचार केला, तितका आमच्या मित्रांच्या मतें कन्येच्या विवाहाच्या वेळींही केला नव्हता.

या प्रश्नांत दोन निराळ्या उंच्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक कांचेची, म्हणजे आंतील पाण्याची. दुसरी बैठकीची, म्हणजे जमिनीपासून टाकीच्या तळापर्यंतची. पहिलीविषयीं कंत्राटदाराचा आग्रह तीन फुटांचा होता. 'भिंत भरल्यासारखी दिसेल,' असें तो म्हणे. भिंत भरली असती, यांत शंका नाहीं. परंतु पाण्याचा स्वभाव भिंतीच्या शोभेपुढें नमत नाहीं. सायमन स्टेव्हिन या डच विद्वानानें १५८६ सालींच दाखवून दिलें होतें, कीं पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर नसून तें किती खोल आहे यावर असतो. टाकी पुढून मागें दुप्पट रुंद केली तरी दर्शनी कांचेवरील भार तिळभरही वाढत नाहीं. उंची वाढली मात्र, कीं भार तिच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. सहा फूट लांब आणि दोन फूट उंच कांचेवर पाण्याचा रेटा सुमारें ३४० किलो असतो. तीच कांच तीन फूट उंच केली, कीं तो सुमारें ७६५ किलो होतो. कांचवाल्यानें पहिलीस १२ मिलिमीटरची आणि दुसरीस १९ मिलिमीटरची कांच सांगितली, तेव्हां आम्हांस स्टेव्हिनची आठवण झाली. त्याला मात्र कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाची आठवण झालेली दिसली.

आणि इतकें करून माशांना काय मिळतें? पाण्यांत प्राणवायु मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. सहा फूट बाय दोन फुटांचा पृष्ठभाग दोन फूट उंचीच्या टाकीला जेवढा, तेवढाच तीन फूट उंचीच्या टाकीला. पाणी दीडपट झालें, पण श्वास घेण्याची जागा तीच राहिली. प्रकाशही खोलीबरोबर मंदावतो, त्यामुळें तळाच्या वनस्पती खुरटतात. शिवाय मनुष्याच्या हाताला ईश्वरानें एक लांबी नेमून दिली आहे. आमचा हात बगलेपासून बोटांच्या टोंकापर्यंत २७ इंच भरतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची टाकी तीन फूट खोल असून जमिनीपासून चार फुटांवर बसविलेली आहे. तळ साफ करण्यास शिडी आणि शिडी धरण्यास मनुष्य लागतो. दोन्ही एके दिवशीं मिळत नाहींत. गेल्या वर्षांत त्या पाण्यानें जो हिरवा रंग धारण केला आहे, त्याची तुलना श्रावणांतील डोंगराशींच करावी लागेल.

तेव्हां कांच दोन फुटांची ठरली. तिच्यांत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें, म्हणजे निव्वळ पाण्याचेंच ६८० किलो ओझें. राहत्या खोलीची जमीन साधारणतः दर चौरस फुटास १९ किलोंच्या आसपास भार धरून आंखलेली असते आणि हें ओझें दर चौरस फुटास ५६ किलो पडतें. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे. म्हणून इंजिनियरांना दाखवून टाकीचा लोखंडी सांगाडा तुळईवर येईल असा बसविला. मत्स्यालय भिंतींत असतें तें केवळ दिसण्यापुरतें. उभें तें स्वतःच्याच पायांवर राहतें.

खरा वाद झाला तो बैठकीच्या उंचीचा. वास्तुविशारद तरुण, हुशार आणि अदबशीर होते. त्यांच्या नकाशांत टाकीचा मध्य जमिनीपासून पांच फुटांवर होता, आणि शेजारीं लिहिलें होतें : 'नजरेची पातळी.' कोणाच्या नजरेची, हें लिहिलें नव्हतें. अर्थात् ती दारांतून आंत येणाऱ्या, उभ्या असलेल्या, धडधाकट पाहुण्याची होती.

माशाला त्याच्या पातळीवरून पाहणें हा मान मनुष्याला फार उशीरां मिळाला आहे. आपल्याकडे विहिरींतला, कुंडांतला, वाड्यांतील हौदांतला मासा लोकांनीं वाकून वरूनच पाहिला. चीनमध्यें सोनेरी मासे शतकानुशतकें कुंड्यांत आणि तळ्यांत पोसले ते वरून पाहण्यासाठींच. त्यांची एक जात तर अशी आहे, कीं तिचे डोळे कायमचे आकाशाकडे, म्हणजे पाहणाराच्या मुखाकडे वळलेले असतात. झान विलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीनें १८३२ सालीं सिसिलींत सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठीं कांचेची पेटी करविली. पुढें फिलिप हेन्री गॉस याच्या साह्यानें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि सामान्य माणूस माशासमोर उभा राहून त्याच्या डोळ्याला डोळा देऊं लागला. आम्ही इंग्रजी साहित्य शिकवितों. गॉसची ओळख आम्हांस झाली ती त्याच्या मुलानें १९०७ सालीं लिहिलेल्या 'फादर अँड सन' या पुस्तकांतून. बापाच्या ग्रंथांनीं वेड लावलेल्या हौशी लोकांनीं समुद्रकांठचीं सुंदर डबकीं कशीं लुटून ओसाड केलीं, याचें मुलाला वाटणारें दुःख त्यांत आहे. असो, तो विषय निराळा.

आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळें त्यांचा दिवस दिवाणखान्यांतील वेताच्या खुर्चीवर जातो. आम्हीं टेप घेऊन मापें घेतलीं. खुर्चींत बसलेल्या मातोश्रींचा डोळा जमिनीपासून ४२ इंचांवर. चार वर्षांच्या आमच्या नातीचा, उभी असतां, ३७ इंचांवर. आणि आमचा ६२ इंचांवर. वास्तुविशारदांच्या नकाशांत टाकीचा तळच मुळीं ४८ इंचांवर होता. म्हणजे आजी आणि पणती या दोघींना मत्स्यालयाची फळी दिसली असती, आणि मान वर केल्यास माशांचीं पोटें.

हें आम्हीं सांगितल्यावर ते हलक्या आवाजांत म्हणाले, "सर, घर पन्नास वर्षांसाठी असतं. आजींच्या खुर्चीवरून माप कसं घ्यायचं?" आवाज हलका होता, परंतु मातोश्रींचे कान अद्याप उत्तम आहेत. त्या तिकडूनच म्हणाल्या, "अरे, बरोबर बोलतायत ते. मी आता किती दिवस बघणार? आल्यागेल्याला दिसू दे." त्यांच्या बोलण्यांत रुसवा नव्हता, असता तर बरें झालें असतें. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग आमच्या सौभाग्यवतींनीं चहाचा ट्रे खालीं ठेवीत म्हटलें, "पन्नास वर्षं या घरात कुणी ना कुणी बसलेलं असणारच. आज आई आहेत, उद्या आपण असू."

यावर उत्तर नव्हतें. उभा असलेला पाहुणा बसूं शकतो, दोन पावलें मागें सरूं शकतो, वांकूं शकतो. बसलेल्याला उठतां येत नसेल तर त्यानें काय करावें? खुद्द माशांचीही बाजू आम्हीं लक्षांत घेतली. लहान माशांना संकट बहुधा वरून येतें, खंड्याच्या किंवा बगळ्याच्या रूपानें. म्हणून टाकी अगदीं जमिनीलगत ठेवून डोक्यावरून येजा करणेंही बरें नाहीं. शेवटीं तळ २८ इंचांवर आणि वरची कड ५२ इंचांवर आली. मध्य ४० इंचांवर पडला, आजी व पणती यांच्या डोळ्यांच्या बरोबर मध्यें. अभ्यासिकेच्या बाजूनें कडेच्या वर अडीच फुटांची मोकळी जागा ठेवून तीस दार केलें. तेथून आमचा हात शिडीवांचून तळाला लागतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही नकाशांत नव्हती. मातोश्रींचा डोळा पाण्याच्या पृष्ठभागापेक्षां कांहींसा खालीं येतो, आणि खालून तिरपें पाहिलें असतां पाण्याचा पृष्ठभाग पाऱ्याच्या आरशासारखा होतो. प्रत्येक माशाची उलटी प्रतिमा त्यांत पोहत असते. आम्ही उभ्यानें पाहतों, त्यामुळें आम्हांस तो आरसा दिसत नाहीं. आम्हीं टाकींत अकरा मासे सोडले आहेत. मातोश्रींनीं ते बावीस मोजले, आणि नात त्यांच्याच बाजूची आहे.