आईची विश्रांती

आम्हा चाकरमान्यांची गावची सुट्टी नावालाच सुट्टी. घर शाकारणे, लाकूडफाटा, तलाठ्याकडे खेपा यातच रजा संपते. बायकांची तर चूलही सुटत नाही.

या मे महिन्यात मात्र सर्वांनी ठरवून एक दिवस मोकळा ठेवला व आईला रत्नागिरीस नेले. सकाळी भाट्ये किनाऱ्यावर नातवंडे मनसोक्त भिजली. ऊन उतरल्यावर थिबा पॉइंटजवळच्या जिजामाता उद्यानात आलो. खाली खाडी, पुढे समुद्र.

आईने मुंबईत तीस वर्षे रस्ते झाडले. बाकाजवळ थबकून तिने विचारले, "इथं बसलं तर कुणी उठवणार नाही ना?"

"आई, बाग सार्वजनिक आहे. बस निवांत."

जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व नंतर रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९१० मध्ये वाडा पूर्ण झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मायदेश पुन्हा दिसला नाही. हे ऐकून आई म्हणाली, "वाडा असून काय उपयोग? आपण मनाला येईल तेव्हा उठू, घरी जाऊ. हीच मोठी श्रीमंती."

मग दोन तास ती बसून राहिली. कुणाला पाणी द्यायलाही उठली नाही. नातीनेच तिला पाणी दिले.

बंधू-भगिनींनो, गावी जाल तेव्हा घरच्या कष्टकरी बाईसाठी असा एक दिवस राखून ठेवा. एस.टी.त महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट सुरू झाले आहे. सोबत घरची भाकरी घेतली की झाले.